वाईच गप ऱ्हावा

"डाक्टर, तुमी वाईच गप ऱ्हावा बरं."

एवढं म्हणून मावशी म्हशीच्या पाठीवर डावा तळवा ठेवायच्या, तिच्या कुशीला कपाळ टेकवायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. मग गोठ्यात कुणी शिंकलेलंसुद्धा त्यांना खपत नसे. मी सरकारी माणूस, मोटारसायकलवरून घाटाचा चढ चढून आलेला, हातात बॅग, डोक्यात पुढच्या चार वाड्यांची कामं, आणि ही बाई मला गप बसवते! पहिल्या दिवशी रागच आला मला. पण बसलो गप. मावशींनी गप बसवल्यावर गावचे सरपंचही गप बसायचे, तिथे माझी काय कथा!

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. वेल्ह्याला गुरांच्या दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो. लसी टोचायच्या, जखमा बांधायच्या, अडलेली गाय सोडवायची, अशी कामं. पण तोरण्याच्या पायथ्याच्या वाड्यांत बॅग घेऊन येणारा प्रत्येक जण डाक्टरच. सुरुवातीला मी लोकांची चूक दुरुस्त करायचो. नंतर सोडून दिलं. ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मावशींची आणि माझी गाठ पडली ती त्यांच्या म्हशीमुळे. म्हशीचं रेडकू आठव्या दिवशी मेलं होतं आणि तिने दूध चोरलं होतं, म्हणजे कास भरलेली, पण पान्हा सोडायला तयार नाही. अशा वेळी काही लोक मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे उभं करतात. काही जण सरळ पान्ह्याची सुई टोचतात. मला मावशींच्या मुलाने बोलावलं होतं ते सुईसाठीच. ही सुई सर्रास वापरू नये असा नियम आहे, आणि लोक सर्रास वापरतात. एकदा द्यायला हरकत नाही म्हणून मी बॅग उघडली, तर मावशींनी माझा हातच धरला.

"सुई नगं. तिचं लेकरू गेलंय आन तुमी तिला टोचताय व्हय? तिला वाईच रडू तर द्या."

"मावशी, म्हैस रडत नसते."

"तुमाला काय ठावं? तुमी कवा बसलाय तिच्यापाशी?"

आणि त्या गायला लागल्या. गाणं जुनं होतं, त्यांच्या आईचं, आणि आईलाही ते तिच्या आईकडून आलेलं. पुढे चार-पाच कडवी होती, पण मावशी फिरून फिरून याच दोन ओळींवर यायच्या:

पाण्याच्या पल्याड दिवा लागला, मला हितं करमंना,
कवा येशील न्यायाला, वाट सरता सरंना.

एवढंच. सासरी आलेली मुलगी भावाची वाट बघतेय. मध्ये नदी, नदीला पूर. चाल इतकी रडवी की दहा मिनिटांत मी बॅग मिटून खाली बसलो. पहिल्या दिवशी म्हैस ढिम्म हलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने कान टवकारले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, मावशींची दुसरी ओळ अजून संपते न संपते तोच तिने पान्हा सोडला. माझ्या सगळ्या नोकरीत मी असं पाहिलं नव्हतं. मावशी मात्र काही विशेष झालंय अशा दिसल्याच नाहीत. चरवी मांडीत धरून म्हणाल्या, "बाय माझी ती. तिला कळतंय सगळं." तेव्हापासून त्या म्हशीचं नाव बाय, आणि बाय त्या गाण्याशिवाय कुणाला थेंबभर दूध देईना.

पुढे मी बऱ्याचदा त्या वाडीवर संध्याकाळच्या सुमारास पोहोचू लागलो. कामच तसं निघायचं, असं मी स्वतःला सांगत असे. पण तिथे गेल्यावर दिसलं, की मी एकटाच नाही. दूध काढायच्या वेळेला आसपासच्या चार-पाच बायका बरोबर गोठ्याच्या भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या. एकीच्या सुपात तांदूळ, एकीच्या पदरात शेंगा. घरी काय निवडता येत नव्हते तांदूळ? पण "गाणं ऐकायला आले" असं एकीनेही कधी कबूल केलं नाही. गाणं चालू असेपर्यंत सगळ्या चिडीचूप. एखादीचा हात सुपात तसाच थांबलेला. आणि चरवी भरून मावशी उठल्या रे उठल्या, की लगेच नळाच्या पाण्यावरून त्यांची भांडणं सुरू! ती भांडणंही ऐकण्यासारखी असायची म्हणा.

एकदा मी विचारलं, "मावशी, भाऊ न्यायला येण्याची वाट बघायचे दिवस गेले आता. एसटी आहे, जीप आहे, मोबाईल आहे. तरी या बायकांना यात काय सापडतं?"

मावशी हसल्या. "माझ्या आयच्या येळी नदीला पूर यायाचा. पूर वसरला की भाऊ यायाचा. म्हंजी रडू चार म्हयन्याचं. माझं म्हायेर भोरच्या अंगाला, ते धरणात गेलं. आता धरणाचं पाणी वसरतंय व्हय कवा? दिवा कुठं लागणार पल्याड?" मग भिंतीकडे मान हलवून म्हणाल्या, "त्या तांदूळवालीचा ल्योक चाकणला गेलाय, दोन वर्सं झाली, आला न्हाई. तिला त्यो दिसतुया गाण्यात. माझ्या सुनंला काय दिसतंय त्ये ती सांगत न्हाई. पर डोळं पुसती."

"आणि म्हशीला?"

"तिला तिचं लेकरू."

मला काय दिसायचं ते मावशींनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बायको आणि मुली पुण्यात, मुलींच्या शाळेसाठी. मी वेल्ह्यात भाड्याच्या खोलीत, स्टोव्हवर खिचडी शिजवत. वाडीवरून उतरताना खाली गावातले दिवे लागलेले दिसायचे आणि मी ते गाणं गुणगुणत यायचो. एकदा गोठ्यातच नकळत गुणगुणलो, तर मावशींनी कानांवर हात ठेवले.

"डाक्टर, नगा! बाय आटंल माझी. रेडा वरडल्यावाणी वाटतंय."

भिंतीपलीकडे बायका तोंडात पदर कोंबून हसल्या. मी पुन्हा तिथे गाण्याचं नाव काढलं नाही.

आणि एके दिवशी सकाळी शेण काढता काढता मावशींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मुलाने टेम्पोत घालून त्यांना पुण्याला नेलं. तीन आठवडे त्या दवाखान्यात होत्या.

इकडे गोठ्यात बाय. सकाळ-संध्याकाळ सून चरवी घेऊन बसायची आणि रिकामी चरवी घेऊन उठायची. तिने गाणं म्हणून पाहिलं, शेजारणींनी म्हणून पाहिलं. शब्द तेच, चाल तीच, पण बाय दाराकडे बघत उभी. तुम्ही म्हणाल, मोबाईलवर मावशींचा आवाज का नाही भरून ठेवला कुणी? नाही सुचलं हो. रोजचं असतं ते कोण भरून ठेवतं? कास दगडासारखी झाली. मी सुई काढली तर सुनेने पदराने डोळे पुसत सांगितलं, "नगा. आत्याबाई आल्यावर मला काय म्हनतील?"

पाचव्या दिवशी मी स्वतः खाली बसून कास शेकायला घेतली. बायने अशी लाथ हाणली की मी कुडाला जाऊन आदळलो. गुडघा फुटला, पँट फाटली, बॅगेतल्या बाटल्या फुटल्या. माझं डोकं फिरलं. मुलगा नेमका त्याच दिवशी पुण्याहून कपडे न्यायला आलेला. मी त्याच्यावर ओरडलो, "विकून टाका ही ब्याद! आई काय आता उठून दूध काढणार आहे? कास सडली म्हणजे कुणी फुकट नेणार नाही!"

बोलून गेलो. दुसऱ्याच दिवशी व्यापाऱ्याचा टेम्पो आला आणि बाय गेली. मला हे आठवड्याने कळलं. खरं सांगतो, तेव्हा मला सुटल्यासारखंच वाटलं.

मावशी घरी आल्या त्या बोलणं गमावून. जीभ हलायची, डोळे बोलायचे, पण शब्द एकही फुटेना. पाणी म्हणता येईना, पोराचं नाव घेता येईना. फक्त ते गाणं तेवढं राहिलं होतं! पुण्याचे डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, बोलणं जातं आणि गाणं राहतं. तहान लागली तरी "पाण्याच्या पल्याड", पाय दुखला तरी "पाण्याच्या पल्याड". सून बिचारी अंदाज बांधून बांधून थकायची. पाणी दिलं, अंथरूण बदललं, पाय चेपले, की मावशी थोडा वेळ गप व्हायच्या. पण संध्याकाळ झाली की पडवीतल्या खाटेवरून त्या पुन्हा सुरू करायच्या. "कवा येशील न्यायाला..." आणि तेव्हा पाणी पुढे केलं तर भांडं ढकलून द्यायच्या.

काहीतरी एक त्यांना हवं होतं. सगळं घर तेच ओळखायच्या मागे लागलं.

शेवटी सगळ्यांचं ठरलं, की आईला भावाची आठवण येतेय. गाण्यात सरळसरळ भाऊच आहे. भाऊ वरव्याला राहायचा, धरणात गाव गेल्यावर तिकडे जाऊन वसलेला. दोन तासांची वाट, पण कसल्या तरी जुन्या रुसव्यावरून बहीण-भावाचं येणं-जाणं बंद होतं. मुलाने फोन केला. भाऊ दुसऱ्या दिवशी हजर. पांढरी टोपी, हातात केळ्यांची पिशवी. मी त्या दिवशी तिथेच होतो. म्हातारा खाटेपाशी बसला आणि मावशींचा हात हातात घेऊन ढसाढसा रडला.

"आक्के, चुकलं माझं! आलो गं न्यायाला! आत्ता चल, आत्ता!"

मावशींच्या डोळ्यांतूनही पाणी आलं. त्यांनी भावाच्या तोंडावरून डावा हात फिरवला. सगळ्यांना वाटलं, भेटलं जे हवं ते. सुनेने चहा टाकला. आणि चहा उकळायच्या आत मावशींनी पुन्हा गायला सुरुवात केली. भाऊ पुढ्यात बसलेला, त्याचा हात हातात, आणि मावशी त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघतायत. मी कुठे बघतायत म्हणून मागे वळलो. समोर गोठा होता. रिकामा खुंटा, आणि खुंट्याला अडकवलेलं बायचं दावं.

 ते गाणं मावशींनी माझ्या देखत दुसऱ्या कशासाठी म्हटलं होतं? संध्याकाळ झाली की बायसाठीच ना?

मला कळलं होतं, आणि मी बोललो नाही. बोललो असतो तर सल्ला कुणाचा होता हेही निघालं असतं. चहा पिऊन, भावाला नमस्कार करून मी निघालो. पुढचे बारा-पंधरा दिवस वाडीकडे फिरकलो नाही. खालच्या गावातली कामं काढत बसलो. संध्याकाळी खोलीवर स्टोव्ह पेटवताना ते गाणं आपोआप तोंडात यायचं आणि मी जीभ चावायचो. इतका भेकड मी आधी कधी नव्हतो.

शेवटी एकदाचा गेलो. मुलाला अंगणात बाजूला घेतलं.

"आईला म्हैस हवी आहे."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला ठावं हाय, डाक्टर. आल्या दिसापासनं ठावं हाय. पर कुनाला सांगू? विकली म्याच की."

त्याने खिशातून मोबाईल काढला. मग व्यापाऱ्याला फोन लावला. त्याने बाय एकाला दिली होती, त्याने पुढे सारोळ्याला एका गोठेवाल्याला. मुलगा एका कंपनीत कामाला होता, त्याला रविवारी सुट्टी. रविवारी दोघांनी सारोळ्याला जायचं ठरलं.

तोवर मुलाला एक युक्ती सुचली. शेजाऱ्याची काळीभोर म्हैस, बायच्याच बांध्याची, संध्याकाळी आणून त्याने खुंट्याला बांधली. मावशींनी गाणं थांबवून तिच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर त्या गायल्या नाहीत. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. सून हातापाया पडली, "आत्याबाई, म्हना की वो!" भिंतीला टेकून बायका बसलेल्या, कुणाच्या हातात सूप नाही, शेंगा नाहीत. काल-परवापर्यंत त्या गाण्याने सगळ्यांचा जीव नकोसा केला होता, आणि आता सगळे त्याचीच वाट बघत होते. रविवारी पहाटे मावशी गेल्या. आमचं सारोळं राहिलं.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवले आणि सगळे मागे सरले. करंजाच्या झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग ज्याला जे वाटलं ते तो बोलू लागला. भाऊ हात जोडून म्हणाला, "आक्के, तुझ्या सुनंला दर दिवाळीला म्या न्यायाला यीन. माझ्या लेकीवाणी." कावळा हलला नाही. तांदूळवाली म्हणाली, "तुमचं गाणं म्या म्हनीन वो, कसं का यीना." नाही. मुलगा तर नुसता रडत होता.

मग मी पुढे झालो. सगळ्यांच्या देखत म्हणालो, "मावशी, बायला मी विकायला लावली. रागाच्या भरात लावली. मी जातो, तिला घेऊन येतो."

माणसं माझ्याकडे वळून बघू लागली. कावळा एक फांदी खाली उतरला. उतरला आणि तिथेच बसून राहिला. ऊन डोक्यावर आलं. भटजी घाई करायला लागले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

शब्द दिला होता, म्हणून गेलो सारोळ्याला. पुलाच्या अलीकडे, हायवेला लागूनच गोठा. दहा-बारा म्हशी, वर पंखे, शेजारून ट्रक धडधडत जातायत. बाय लगेच ओळखली. वाळली होती. मालक काही वाईट माणूस नव्हता. मी सगळं सांगितलं ते त्याने ऐकून घेतलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "न्या की डाक्टर, माझं काय न्हाई. लई खोडीची हाय ती, सुईबिगर थेंब देत न्हाई. पर नेनार कुनापाशी? ती बाई तर गेली म्हनता."

 मुलगा कंपनीत, सून म्हणाली होती की खुंट्याकडे बघवत नाही. माझ्या भाड्याच्या खोलीत काय म्हैस बांधू?

दूध काढायची वेळ झाली होती. त्याने सुई भरली.

"थांबा," मी म्हणालो. "वाईच गप ऱ्हावा."

बायच्या पाठीवर डावा तळवा ठेवला, तिच्या कुशीला कपाळ टेकवलं. माझा आवाज कसा आहे ते सांगितलंच आहे तुम्हाला. हायवेच्या गोंगाटात, लाज सोडून, मी गायलो. वाडी सुटल्यापासून बायने ते गाणं ऐकलं नव्हतं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिचं रवंथ थांबलं. कान मागे वळले. कपाळाखाली तिचं सगळं अंग थरथरल्याचं मला कळलं.

"आयला!" मालक ओरडला. "पान्हा सोडला की हिनं!" आणि चरवी घेऊन खाली बसला.

मी डोळे उघडले. बायने मान वळवली होती. माझ्याकडे नाही. माझ्या खांद्यावरून मागे, गोठ्याच्या दाराकडे ती बघत होती. बारीकशी रेकली. पुन्हा बघितलं. मालक दूध काढत होता, मी गात होतो, आणि दारात कुणी नव्हतं.